गाणं हळू केलं की पट्टी उतरते, स्पीड टिकत नाही, तबला फाटतो: छोट्या एमपी३ प्लेयरचं काय करायचं?

सांगली-मिरज भागात भजनी मंडळांकडे, पेटी-तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या पोरांकडे आणि निवृत्तीनंतर गाणं शिकायला घेतलेल्या काका-मावशींकडे खिशात मावणारे एमपी३ प्लेयर अजून बऱ्यापैकी दिसतात. फोन सगळ्यांकडे असतो, पण रियाज रंगात आला की नेमका कुणाचा तरी कॉल येतो आणि मग अंतरा परत शोधत बसावं लागतं. प्लेयरची बटणं न बघता दाबता येतात, मांडीवर पेटी असताना त्याला महत्त्व आहे. तर हे प्लेयर वापरणाऱ्यांची एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते, ती स्पीडची.

तक्रारीचे शब्द मात्र वेगवेगळे असतात. "हळू केलं की बुवांचा आवाज रेडा ओरडल्यासारखा येतोय." (रेड्यानं वेद म्हटले ती गोष्ट वेगळी.) "काल सत्तरवर ठेवलेलं, आज चालू केलं तर परत शंभर." "आमच्या मेनूत स्पीड नावाचा प्रकारच नाही ओ." "आवाज ठीक आहे, पण तबला फाटतोय." आणि सगळ्यात चक्रावून टाकणारी: "मी कशालाच हात लावला नाही, तरी गाणं वेगळ्याच पट्टीत वाजतंय."

ऐकायला हे एकच दुखणं वाटतं, पण प्रत्येकाचं कारण निराळं आहे. कारण न शोधता प्लेयर रिसेट मारणं हा आपल्याकडचा आवडता उपाय, आणि त्यानं यातलं जवळपास काहीच बरं होत नाही.

आधी पेटी आणि घड्याळ

प्लेयरवर गाणं मूळ वेगात लावा आणि पेटीवर षड्ज शोधा. समजा काळी १ (सप्तकातली पहिली काळी पट्टी) लागली. आता स्पीड ८० टक्क्यांवर आणा आणि पुन्हा शोधा. काळी १च राहिली, तर तुमचा प्लेयर फक्त लय बदलतो. षड्ज घसरत खालच्या पांढरी ६च्या आसपास गेला, तर तो लय आणि स्वर दोन्ही एकत्र ओढतोय. पेटी नसेल तर फोनवरचं तंबोऱ्याचं ॲप चालेल. घरात खरा तंबोरा असेल तर उत्तमच, आणि मिरज इतकी जवळ असताना तो कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असतोच. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, माळ्यावरचा खाली काढायला तेवढं निमित्त पुरे.

दुसरी चाचणी घड्याळाची. चार मिनिटांचं गाणं ८० टक्के स्पीडला बरोबर पाच मिनिटं चाललं पाहिजे, ७५ टक्क्यांना पाच मिनिटं वीस सेकंद. गणित सोपं आहे: मूळ लांबीला टक्क्यांनी भागायचं. प्लेयरच्या पडद्यावरच्या वेळेवर विश्वास ठेवू नका, तो आकडा कधी मूळ फाइलप्रमाणे पळतो तर कधी बदललेल्या वेगाप्रमाणे. फोनचं स्टॉपवॉच लावा.

हे मोजायचं कारण असं की बऱ्याच स्वस्त प्लेयरमध्ये टक्के नसतातच. गाणं वाजत असताना मेनूचं बटण थोडंसं दाबलं की एक छोटी यादी येते, तिच्यात 'टेम्पो रेट' असतो आणि त्यात उणे-अधिक आकडे. उणे ४ म्हणजे नेमकं किती हळू, हे खोक्यावरही नसतं आणि आतल्या कागदावरही नसतं. एकदा मोजून घ्या, प्रत्येक आकड्यासमोर टक्के लिहा आणि ती चिठ्ठी प्लेयरच्या पाठीला चिकटवून टाका. मेनूचं बटण गाणं चालू असतानाच दाबायचं, हेही लक्षात असू द्या. बंद गाण्यावर दाबलं तर मुख्य मेनू येतो, आणि "स्पीड गायब झाला" अशा निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात.

स्वर का उतरतो

सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असतात. प्लेयरनं तेच नमुने सावकाश वाचले की प्रत्येक कंपन लांबतं, वारंवारता घटते, स्वर खाली येतो. कॅसेट प्लेयरची मोटर दमली की हेच व्हायचं. करायला हे सगळ्यात सोपं, म्हणून कमी ताकदीच्या चिपमध्ये हीच पद्धत असते.

पेटीवरच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत, काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून, वारंवारतेत जेमतेम ६ टक्क्यांचा फरक असतो. काटेकोर सांगायचं तर ५.९५. त्यामुळे या पद्धतीनं ९४.४ टक्के स्पीड म्हणजे एक पट्टी खाली, ८९.१ म्हणजे दोन, ८० म्हणजे जवळजवळ चार आणि ५० म्हणजे अख्खं सप्तक. ८० टक्क्यांवर गाणं नेमकं पट्टीवर बसत नाही, किंचित वर राहतं. म्हणून त्याच्याबरोबर पेटी धरायला गेलं की कानाला टोचतं. ऐकत ऐकत साथ करायची असेल तर गोल आकडे सोडा आणि ९४.४ किंवा ८९.१ वापरा.

याचा फायदाही घेता येतो. काळी ५ मध्ये म्हटलेली गौळण आपल्या मंडळाला चढी पडत असेल, तर ८९.१ टक्क्यांवर ती काळी ४ मध्ये येते आणि वर थोडी संथही होते. पहिल्यांदा शिकताना दोन्ही गोष्टी हव्याच असतात. पुढे लय मूळ ठेवून फक्त पट्टी उतरवायची असेल तेव्हा ही युक्ती संपते आणि दुसरी पद्धत लागते, ती म्हणजे स्वर आणि लय वेगवेगळे हलवणं.

त्या पद्धतीत प्लेयर आवाजाचे अगदी बारीक तुकडे करतो, मिलिसेकंदांत मोजायचे. हळू करायचं असेल तर काही तुकडे दोनदा वापरतो, जलद करायचं असेल तर काही गाळतो, आणि शेजारच्या तुकड्यांच्या लाटा जिथे सर्वांत जास्त जुळतात तिथे सांधा मारतो. कंपनं मूळचीच राहतात, म्हणून स्वर हलत नाही. सोनीच्या रेकॉर्डरवर आणि काही वॉकमनवर हे 'डीपीसी' (डिजिटल पिच कंट्रोल) नावानं मिळतं. फोनवर तर अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, ही सोय यंत्रणेतच आहे; ॲपवाल्यानं फक्त बटण द्यायचं.

जुना प्लेयर असेल तर रॉकबॉक्स

सॅनडिस्कचे जुने सॅनसा क्लिप प्लस प्लेयर किंवा जुने आयपॉड अजून लोकांच्या कपाटात असतात. त्यांवर रॉकबॉक्स नावाचं मोफत फर्मवेअर, म्हणजे प्लेयर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, चढवता येतं. २००१ मध्ये आर्कोस कंपनीच्या प्लेयरसाठी हौशी प्रोग्रामरांनी ते सुरू केलं आणि नंतर कितीतरी मॉडेलांवर नेलं. सॅनसावर मूळ फर्मवेअरही शिल्लक राहतं, त्यामुळे प्लेयर वाया जाईल ही धास्ती नको. मॉडेलचं नाव आणि आवृत्ती नीट बघून मगच चढवा, एवढंच.

रॉकबॉक्समध्ये स्पीडचं पान असतं पण लय-स्वर वेगळे करायची सोय सुरुवातीला बंद असते, आणि नव्वद टक्के लोक इथेच अडतात. सेटिंगमध्ये साउंड सेटिंगमध्ये जा, 'टाइमस्ट्रेच' चालू करा, आणि प्लेयर बंद करून पुन्हा चालू करा. बंद-चालू केल्याशिवाय ते लागूच होत नाही. मग गाणं लावा, बहुतेक मॉडेलवर मधलं बटण दाबून धरलं की मेनू येतो, त्यात 'पिच' निवडा. त्या पानावर टाइमस्ट्रेचचा प्रकार निवडला की वर-खालीच्या बटणांनी स्वर आणि डाव्या-उजव्या बटणांनी लय हलते. वेग ३५ टक्क्यांपासून २५० टक्क्यांपर्यंत जातो. ३५ टक्क्यांवर काय ऐकू येतं हे एकदा गंमत म्हणून ऐका, पुन्हा ऐकावंसं वाटणार नाही. स्वर अर्ध्या-अर्ध्या स्वरांच्या टप्प्यानं हलवायचीही सोय त्याच पानावर आहे. पेटीवाल्यांनी तीच निवडावी, टक्क्यांच्या हिशोबात पडू नये.

सत्तरवर ठेवलेलं शंभरवर का येतं

रॉकबॉक्सवर हे मुद्दाम तसं केलेलं आहे. प्लेयर चालू झाला की स्वर आणि वेग दोन्ही १०० टक्क्यांवर येतात, सेटिंगमध्ये ते जपून ठेवायची जागाच नाही. पण बुकमार्कमध्ये, म्हणजे गाण्यातल्या जागेच्या खुणेत, मात्र ते साठतात. म्हणजे गाणं ७० टक्क्यांवर आणायचं, जिथून रियाज करायचा त्या ओळीच्या जरा आधी थांबायचं, मेनूतून बुकमार्क तयार करायचा. दुसऱ्या दिवशी तो बुकमार्क उघडला की त्याच ओळीवर, त्याच वेगात, त्याच पट्टीत गाणं सुरू होतं. जनरल सेटिंगमध्ये बुकमार्कचा भाग आहे, तिथे 'गाणं थांबवताना बुकमार्क करायचा का' हे विचारायला लावता येतं. मला तर हे स्पीड कायम राहण्यापेक्षा बरं वाटतं. एकाच अभंगाचा अंतरा ६५ वर आणि शेवटची तान ५५ वर असे दोन बुकमार्क ठेवता येतात, आणि ध्रुवपद मूळ वेगात ऐकताना काही बदलावं लागत नाही.

स्वस्त प्लेयरमध्ये बुकमार्क असला तरी त्यात वेग धरला जातोच असं नाही. काहींत पुढचं गाणं आलं की टेम्पो शून्यावर, काहींत बंद केल्यावर. यावर मेनूत उपाय शोधत बसू नका. उपाय खाली कॉम्प्युटरच्या भागात आहे. फोनवर व्हीएलसी हे ॲप वापरत असाल तर सेटिंगमध्ये वेग लक्षात ठेवायचा पर्याय असतो, तो चालू करा.

मेनूत स्पीडच नाही

आधी हे तपासा की तुमचा प्लेयर स्पीड फक्त ऑडिओबुकला देतो का. आयपॉडचं तसंच होतं: सेटिंगमध्ये ऑडिओबुकसाठी हळू, नेहमीचा आणि जलद असे तीन वेग, पण गाण्यांना काहीच नाही. ॲपलनं मे २०२२ मध्ये आयपॉड बंद केला, तरी जुने वापरणारे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. आयट्यून्समध्ये गाण्याच्या माहितीच्या खिडकीत 'ऑप्शन्स'मध्ये 'मीडिया काइंड' असतं. तिथे संगीताच्या जागी ऑडिओबुक निवडून पुन्हा सिंक केलं की तेच गाणं आयपॉडच्या ऑडिओबुक विभागात जातं आणि त्याला वेग लागू होतो. सॅनसाच्या मूळ फर्मवेअरमध्ये ऑडिओबुक आणि पॉडकास्टची वेगळी फोल्डरं असतात. फाइल तिथे ठेवली की वेगाचा पर्याय दिसतो, गाण्यांच्या फोल्डरमध्ये ठेवली की नाही.

ऑडिओबुकमध्ये गेल्यावर गाणं इतर गाण्यांच्या यादीत दिसत नाही, शफलमध्ये येत नाही. रियाजाच्या फाइलींना हे उलट सोयीचं. रात्री गाणी ऐकत पडल्यावर मधेच सत्तर टक्क्यांतला अंतरा सुरू होत नाही.

दुसरं कारण फाइलचा प्रकार. कमी ताकदीच्या प्लेयरवर वेग फक्त एमपी३ला चालतो, डब्ल्यूएमए किंवा फ्लॅक फाइल लावली की पर्याय फिका पडतो किंवा नाहीसा होतो. एमपी३ करून बघा. तरीही नाही आला तर प्लेयरमध्ये ती सोय नाही. पेनड्राइव्ह लावायचे ब्लूटूथ स्पीकर आणि गाडीतले स्टिरिओ यांच्यात तर बहुधा नसतेच, शोधत बसू नका.

तबला का फाटतो

वर सांगितलेली तुकड्यांची पद्धत बोलण्यासाठी फार चांगली आहे. कीर्तन, प्रवचन, इंग्रजीचा धडा, काहीही सव्वा पट किंवा पाऊण पट करा, कळतही नाही. कारण बोलताना स्वरांचे लांब तुकडे असतात, त्यातला एखादा पुन्हा वाजला तर कानाला पत्ता लागत नाही. तबल्याचा बोल म्हणजे मात्र एक टोकदार आघात. तो ज्या तुकड्यात असेल तो तुकडा दोनदा वाजला की एका 'ना'चे दोन 'ना' होतात.

दर मिनिटाला १२० मात्रांची लय धरा. एका मात्रेला अर्धा सेकंद मिळतो. मात्रेत चार बोल असले तर दोन बोलांत १२५ मिलिसेकंद, आठ असले तर ६२. प्लेयर ज्या मापाचे तुकडे करतो त्याच मापाला हे येऊन भिडतं, मग 'तिरकिट'मधलं काय दोनदा जातं आणि काय गिळलं जातं याचा भरवसा नाही. टाळ आणि चिपळ्यांचंही हेच, किंबहुना टाळ जास्तच वाईट वाजतो. तंबोऱ्याचं उलट होतं: आघात नाही, पण अखंड गुंजन असल्यानं सांधे थरथर होऊन ऐकू येतात. रॉकबॉक्सच्या पुस्तिकेतही लिहिलंय की ही सोय मुख्यतः बोलण्यासाठी आहे आणि गुंतागुंतीच्या आवाजावर ऐकण्याची मजा बरीच कमी होऊ शकते.

माझ्या कानाप्रमाणे ८५ टक्क्यांपर्यंत भजन ठीक वाजतं. ७५ वर टाळ खटकायला लागतो. ७० च्या खाली तबला शिकण्यासाठी त्याचा उपयोग नाही, शब्द आणि चाल पाठ करायला चालेल. तबल्याच्या विद्यार्थ्यांनी खरं तर स्वर उतरणारी साधी पद्धतच वापरावी. तिच्यात आघात लांबतो पण फुटत नाही, बोल मोजता येतात, आणि पट्टी कुठे गेली याची तबलजीला एवढी फिकीर नसते.

हळू करायचं काम कॉम्प्युटरला द्या

प्लेयरनं नुसतं वाजवावं. हळू करायचं काम घरी एकदा कॉम्प्युटरवर करून तयार फाइली प्लेयरमध्ये टाकल्या, की वर लिहिलेल्या बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत. वेग टिकत नाही हा प्रश्न उरत नाही, कारण प्लेयरच्या दृष्टीनं ते गाणं शंभर टक्क्यांवरच वाजतंय. मेनूत स्पीड नसला तरी चालतं. अगदी दोनशे-तीनशेच्या प्लेयरवरही चालतं. आणि कॉम्प्युटरला घाई नसते, तो प्लेयरच्या चिपपेक्षा कितीतरी जास्त हिशोब करून सांधे जुळवू शकतो.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. त्यात तीन वेगळे इफेक्ट आहेत आणि तिघांची नावं गोंधळात टाकणारी आहेत. 'चेंज टेम्पो' फक्त लय बदलतो. 'चेंज पिच' फक्त पट्टी बदलतो. 'चेंज स्पीड अँड पिच' कॅसेटसारखं दोन्ही बदलतो. शिकण्यासाठी बहुतेकदा पहिला हवा.

चेंज टेम्पोच्या खिडकीत 'पर्सेंट चेंज' असा रकाना असतो आणि इथे लोक हमखास घसरतात. ८० टक्के वेग हवा म्हणून ८० टाकतात आणि गाणं जवळपास दुप्पट वेगानं पळतं. तो रकाना बदलाचा आहे, वेगाचा नाही. ८० टक्के हवे तर उणे २०, ७५ हवे तर उणे २५. खाली नवी लांबीही दाखवतात, तिच्याकडे एक नजर टाका: चार मिनिटांचे पाच मिनिटं झाले की बरोबर.

त्याच खिडकीत 'हाय क्वालिटी स्ट्रेचिंग' असा चौकोन आहे. त्यावर खूण केली की वेळ जास्त लागतो, पण गळा, पेटी, सारंगी, तंबोरा यांना तो फार सुंदर न्याय देतो. तबल्याला मात्र नाही, आघाताची धार बोथट होते. म्हणून आलाप आणि अभंगाची चाल यांच्यासाठी खूण करायची, लग्गी किंवा तुकडे शिकायचे असतील तर काढायची.

दर वेळी मूळ फाइलपासूनच सुरुवात करा. ९० टक्के केलेल्या फाइलला पुन्हा हळू करून ८० करू नका, सांध्यांवर सांधे बसतात आणि टाळ अगदी चिंध्या झाल्यासारखा वाजतो. अख्ख्या अभंगाऐवजी ध्रुवपद, एकेक अंतरा असे भाग कापले तर रियाजाला फार बरं. कापताना भागाच्या आधीचं एक पूर्ण आवर्तन ठेवा, नाहीतर सम पकडायला वेळच मिळत नाही. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा पुरतात. सुरुवातीला दोन सेकंद शांतता घाला, बटण दाबून हात पेटीवर न्यायला तेवढे लागतात.

एक्स्पोर्ट करताना एमपी३, सॅम्पल रेट (सेकंदाला नमुने) ४४,१००, बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट माहिती) कायम १२८ किंवा १९२. कायम बिटरेट अशासाठी की बदलत्या बिटरेटच्या फाइलींची लांबी काही प्लेयर चुकीची दाखवतात, पुढे-मागे करताना भलतीकडे उडी मारतात, आणि मग लोकांना वाटतं स्पीडच बिघडला.

हात न लावता गाणं भलत्या पट्टीत

ही तक्रार मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यात पेटीवालाच डॉक्टर असतो. हरिपूरच्या एका मंडळात असंच झालं. बुवांनी काळी १ मध्ये म्हटलेला अभंग कुणीतरी फोनवर व्हिडिओ म्हणून घेतला, त्यातला आवाज काढून मेमरी कार्डावर भरला, आणि प्लेयरवर तो ऐकून पेटीवाले काका वैतागले. पांढरी १ धरली तर गाणं खाली, तिच्या खालची पांढरी ७ धरली तर गाणं वर. "दोन पट्ट्यांच्या मधोमध गातोय का हा माणूस?" बुवांना राग येणं साहजिक होतं.

मधोमध हीच खूण. व्हिडिओतला आवाज बहुधा सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असतो. स्वस्त प्लेयरनं तो ४४,१०० च्या चालीनं वाचला की वेग ९१.९ टक्के होतो आणि स्वर जवळजवळ दीड पट्टी उतरतो. पाच मिनिटांचा अभंग पाच मिनिटं सव्वीस सेकंद चालतो. उलट घडलं, म्हणजे ४४,१०० ची फाइल ४८,००० नं वाचली गेली, तर गाणं दीड पट्टी वर जातं आणि अंगात आल्यासारखं पळतं. नेमका दीड पट्टीचा फरक दिसला की दुसरं काही शोधू नका.

मग तीच फाइल कॉम्प्युटरवर वाजवा. तिथे बरोबर वाजली तर दोष प्लेयरचा: ऑडॅसिटीत उघडून ४४,१०० ला एक्स्पोर्ट करा, स्वर आणि लय जशीच्या तशी राहतील. कॉम्प्युटरवरही चुकीची वाजली तर फाइल तयार करतानाच कुणीतरी तिच्यावर नमुन्यांच्या चुकीच्या आकड्याची चिठ्ठी लावली आहे. मग ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेनूत 'रेट' बदलून ४८,००० करा, ऐका, पट्टी जाग्यावर आली की ४४,१०० ला एक्स्पोर्ट करा. कार्ड भरून देणाऱ्या दुकानातून आलेल्या फाइलींत असले नमुने बरेच सापडतात, कारण त्या किती हातांतून गेल्या याचा पत्ता नसतो.

फरक दीड पट्टीचा नसून पाऊण, सव्वा असा काहीही असेल तर मूळ बहुतेक कॅसेट आहे. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, पण पट्टा ढिला झालेल्या डेकनं तो पाळला असेल याची खात्री नाही. इथे 'चेंज स्पीड अँड पिच' वापरायचा, कारण लय आणि स्वर दोन्ही एकत्रच चुकलेत. किती चुकलेत हे गायकाची पट्टी माहीत असेल तर पेटीवर कळतं. माहीत नसेल तर विजेचा गुणगुणाट कामी येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि घरगुती रेकॉर्डिंगमध्ये माइकच्या वायरीतून तिची हलकी 'हूं' बऱ्याचदा शिरलेली असते. ऑडॅसिटीत शांत जागा निवडा, ॲनालाइज मेनूतून 'प्लॉट स्पेक्ट्रम' काढा, साइज ६५,५३६ ठेवा (लहान साइजला ५० आणि ५३ वेगळे दिसतच नाहीत), आणि ५०, १०० च्या आसपास टोक कुठे आहे बघा. ते ५३ वर असेल तर कॅसेट ६ टक्के जलद वाजली, म्हणजे एक पट्टी चढली.

एक पथ्य आहे. कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना आत्ताची वीजही आपली हूं मिसळते, आणि ती नेहमी ५० वरच दिसणार. कॅसेटच्या अगदी सुरुवातीला रेकॉर्डिंग चालू व्हायच्या आधीच्या कोऱ्या फितीवर जी हूं आहे ती आत्ताची. रेकॉर्डिंग चालू झाल्यावर जी नवी उगवते ती त्या काळची. त्या काळची वीजही अगदी ५० वर स्थिर नसायची, त्यामुळे शेवटचा निर्णय पेटीकडेच ठेवा.

७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, रेकॉर्डवरून आलेल्या गाण्यांत तर खात्रीची पट्टी शोधूच नये. त्या तबकड्या नेमक्या ७८ वर कापलेल्या असत असं नाही, आणि डिजिटल करणाऱ्यानं कुठला वेग धरला हे त्याचं त्याला माहीत. मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांच्या एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन पट्ट्यांत मिळाल्या तर नवल मानू नका. तुमच्या गळ्याला जी मानवेल ती घ्या.

प्लेयरमध्ये भरताना

तयार फाइली टाकताना दोन बारीक गोष्टी राहतात. पुष्कळ स्वस्त प्लेयर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दाखवतात, म्हणून नावाची सुरुवात आकड्यांनी आणि इंग्रजी अक्षरांनी करा. आणि असे प्लेयर गाणी नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत, कार्डावर ज्या क्रमानं कॉपी झाली त्या क्रमानं वाजवतात. सगळ्या फाइली एकदम ओढून टाकल्या की ७० नंतर १०० आणि मग ८० असं काहीही येतं. फोल्डर रिकामं करा आणि एकेक फाइल टाका: आधी ७०, मग ८०, मग ९०, शेवटी मूळ. एका अभंगाचं एक फोल्डर केलं आणि रिपीट फोल्डरवर ठेवला, की बटणाला हात न लावता लय चढत जाते आणि मूळ वेगापर्यंत पोचून परत सत्तरवर येते.